तिसरी तक्रार

डुनेडिन, ४ जून

नोला मावशी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच शेगडीत टाकशील, अशी मला निम्मी खात्री आहे. फोन तू उचलत नाहीस, माझा नंबरच बंद केलायस, म्हणून कागद. पाकिटं कुठल्या फळीवर आहेत हे दुकानातल्या बाईलाही शोधावं लागलं.

तुझा चॅनेल बंद झाल्याचं मला परवा कळलं. वाईट वाटलं. तेरा वर्षं, सहाशेच्या वर व्हिडिओ, आणि एका सकाळी तिथे फक्त करडी चौकट. तुझ्यावर कॉपीराइटच्या तीन तक्रारी आल्या, आणि तीन झाल्या की ती साइट चॅनेलच पुसून टाकते. तो साइटचा नियम आहे, त्यात आमच्या कंपनीचा हात नाही. तक्रारी आमच्याकडून गेल्या हे खरं. पण चाळीस माणसांच्या ऑफिसात कोण कुठे काय करतं, ते सगळ्यांना माहीत असतंच असं नाही.

'गॅनेट पॉइंट' या आमच्या कंपनीच्या व्हिडिओ गेमवरचा तुझा व्हिडिओ मी तेव्हाच पाहिला होता. कोळ्यांचं गाव तू छान वसवलं होतंस. तिसरा हिवाळा आला की खेळात जतन केलेलं सगळं नाहीसं होतं, ते तू एकदा नाही, तीनदा करून दाखवलंस. जाहिरातीतलं बंदर, दीपगृह, वादळ यातलं काहीच खेळात नाही, तेही दाखवलंस. आणि शेवटी विणता विणता, मान वर न करता म्हणालीस, "पस्तीस वर्षं मी वाचनालय सांभाळलं. हा खेळ मी कपाटात ठेवला नसता." तुझं ते नेहमीचंच वाक्य, पण इथे फार लागलं ते. लोकांनी चार वर्षं घालवलीत या खेळावर, मावशी.

आता मुद्द्याचं. तिन्ही तक्रारींवर तू आक्षेप नोंदवलायस असं ऐकलं. त्या फॉर्मवर आपलं खरं नाव आणि पत्ता द्यावा लागतो. नंतर ठरावीक दिवसांत कंपनीला कोर्टात जावं लागतं, नाहीतर चॅनेल तुला परत मिळतो. म्हणजे कंपनी कोर्टात जाईल. अडुसष्टाव्या वर्षी तुला हे हवंय का? आक्षेप मागे घेऊन सदर प्रकरण सामोपचाराने मिटवणं हे सर्व संबंधितांच्या हिताचं ठरेल. दोन ओळी लिहून पाठवल्यास तरी पुरे. बाकीचं मी इथून बघतो.

जून लागला, थंडी पडायला लागली. गुडघ्याला जप. शेजारचा मर्व्ह अजून तुझा कॅमेरा धरतो ना? त्याला मी विचारलंय म्हणून सांग.

तुझा,
लॅकी


डुनेडिन, १४ जून

मावशी,

माझंच पत्र मला परत आलं, लाल पेन्सिलीने तपासलेलं. तेहतीस वर्षांच्या माणसाचं पत्र कुणी शाळेच्या वहीसारखं तपासतं का?

'मला परवा कळलं' याच्यापुढे प्रश्नचिन्ह. 'गुडघ्याला जप' याच्यापुढे 'गुडघा या मार्चात बदलला. आता तो माझ्यापेक्षा धडधाकट आहे.' हे मला कुणी सांगितलं नाही. सांगणारी तूच, आणि तू बोलत नाहीस. 'सर्व संबंधितांच्या हिताचं ठरेल' याच्याखाली दोन रेघा, आणि समासात 'हे वाक्य तुझं नाही. कुणाचं आहे?' आणि तळाला, 'आक्षेप मागे घेत नाही.'

वाक्य ब्रॅमचं आहे. ब्रॅम ऑस्टरमन, माझा साहेब. तुझा आक्षेपाचा फॉर्म आला तेव्हा तो माझ्या टेबलाच्या कडेवर टेकून दही खात होता. पत्ता वाचून म्हणाला, "रिव्हर्टन? तूही तिकडचाच ना रे?" मी सांगून टाकलं. न सांगता भागलं असतं. त्याचे डोळे असे चमकले की मला तेव्हाच उठून जायला हवं होतं.

"अरे मग सोपंच झालं की. घरचं माणूस आहे. चार गोड शब्द लिही. म्हातारी माणसं कागदाला मान देतात."

मी लिहिलं, त्याने वाचलं. वाचताना दह्याच्या डब्याचं झाकण आतून चाटत होता. 'सदर प्रकरण' त्याने घातलं. तुझ्या गुडघ्याचं वाक्य मात्र माझं. तेही चुकलं.

आता विचारतेसच तर ऐक. इथे या कामाला साफसफाई म्हणतात. दर शुक्रवारी यादी येते, 'गॅनेट पॉइंट'वर आठवड्यात निघालेल्या सगळ्या व्हिडिओंची. कौतुक असेल तर हिरवा रंग, टीका असेल तर लाल. लाल असेल त्यावर तक्रार करायची, आमची चित्रं विनापरवाना वापरली म्हणून. ऑकलंडच्या एका पोराने पहिले दोन तास अख्खे खेळून दाखवले, मधूनमधून नुसतं 'भारी, भारी' म्हणत. तो हिरवा. तू चाळीस मिनिटांत आमची चार मिनिटं दाखवलीस, बाकी वेळ तुझ्या सुया आणि तुझं तोंड. तू लाल. समीक्षा करताना तुकडा दाखवायची कायद्यात मुभा आहे, हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे, ब्रॅमला तर पाठ आहे. पण साइटवर बघायला माणूस कुठे बसलाय? कंपनी म्हणते आमचं, मशीन म्हणतं घ्या.

पहिल्या दोन तक्रारींचे फॉर्म मी भरले. पहिली त्या व्हिडिओवर. दुसरी, 'माझा व्हिडिओ काढला' असं सांगणारा तू केलास, त्यावर. भरले, कारण ते माझं काम आहे. यादी मी करत नाही. तिसरी कुणी भरली ते मला ठाऊक नाही, त्या दिवशी मी रजेवर होतो.

आणि नाताळचं म्हणशील तर सुरुवात तू केलीस. मी या नवीन नोकरीची, 'खेळणाऱ्यांशी संवाद' विभागातली, बातमी घेऊन आलो होतो. तुझ्या अंगणात बसून, ताटात हॅम आणि नवे बटाटे, मर्व्ह आणि त्याची बहीण समोर, आणि तू म्हणालीस, "खेळणाऱ्यांशी संवाद म्हणजे काय रे? दुसऱ्यांची तोंडं बंद करायची, असंच ना?" मग मीही बोललो. लोकांच्या कष्टावर थुंकून तू स्वतःला शहाणी समजतेस, असं बोललो. तू ताट उचललंस आणि आत गेलीस.

तू बरोबर होतीस, एवढं लिहायला मला सहा महिने लागले. आता झालं ना समाधान?

लॅकी


डुनेडिन, २३ जून

मावशी,

मी रजेवर नव्हतो.

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितोय. उत्तर आलं तर मी पुन्हा त्याला उत्तर म्हणून काहीतरी वळवून लिहीन.

तिसरी तक्रार मीच केली. २९ मे, गुरुवार, जेवण झाल्यावर. दोन तक्रारी लागल्यावर ब्रॅम म्हणाला होता, "आणखी एक सापडली की म्हातारीचं दुकान बंद." गेल्या वर्षी कंपनीने एका बुडालेल्या कंपनीचे जुने खेळ विकत घेतले, त्यात 'लँटर्न व्हॅली' आला. ब्रॅम म्हणाला, "ही बाई इतकी वर्षं खेळतेय, तोही खेळली असेलच कधीतरी. शोध जरा."

मला शोधावं लागलं नाही.

तो व्हिडिओ तुला मी काय सांगणार. पण मी काय पुसलं ते मला एकदा माझ्या हाताने लिहू दे. २०१२ चा ऑगस्ट, आईची खोली. तू कॅमेरा पुस्तकांच्या ढिगावर ठेवला होतास, म्हणून चौकट थोडी तिरकी. आई उशांना टेकलेली, डोक्यावर तू विणलेली मोरपंखी टोपी. खेळातला कंदील तिला सांभाळता येत नव्हता, दर दोन मिनिटांनी खड्ड्यात पडत होती, आणि तू हसून हसून बेजार.

"नोला, तू मला मुद्दाम इकडे आणतेस."

"खड्डा दिसतोय ना तुला? मग पाय कशाला टाकतेस, ॲव्हिस?"

"बघते खाली काय आहे ते."

मग तिला खोकला येतो, तू कॅमेरा बंद करायला उठतेस, ती हाताने नको म्हणते. अठराव्या मिनिटाला दार वाजतं, मी कॉलेजातून आलेला असतो. मी दिसत नाही. ती दाराकडे बघते आणि म्हणते, "लॅकी, बूट बाहेर. चीज रोल झाकून ठेवलेत. दोनच घे, नोलाला ठेव." सप्टेंबरात ती गेली.

गेल्या नाताळला, भांडणाच्या आधी, तूच मला सांगितलंस की गॅरेजमध्ये पाणी शिरलं त्यात तुझी जुनी डिस्क गेली. म्हणालीस, "आता ॲव्हिसचा आवाज त्या साइटवरच आहे. तिथे तो नीट राहील." मी मान डोलावली होती. म्हणजे मला माहीत होतं.

फॉर्मच्या शेवटी एक चौकट असते. 'हा वापर बेकायदा आहे अशी माझी प्रामाणिक समजूत आहे.' त्यावर खूण केल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही. मी खूण केली. काही वाटलं नाही, हेच तुला सांगायचंय. नाताळपासून मला तुला एकदा हरवायचं होतं, आणि ते इतकं सोपं निघालं की मी लगेच उठून कॉफी करायला गेलो. पाठोपाठ ब्रॅम आला, पाठीवर थाप मारून म्हणाला, "चला, आता म्हातारी निवांत विणत बसेल." मी हसलो. तोंडदेखलं नाही, चांगला हसलो.

त्या हसण्याची मला आता किळस येते. दात घासताना आरशात तोंड दिसतं तेव्हाही येते. पण ती तेव्हा आली नाही, आली ती गेल्या गुरुवारी, तीही माझी मला नाही आली.

आमच्याकडे सालोटे म्हणून एक मुलगी आहे, ओआमारूची. खेळातल्या चुका शोधणं तिचं काम. हिवाळ्यात सगळं पुसलं जातं हे तिने खेळ बाजारात येण्याआधी अकरा वेळा लिहून दिलं होतं. अकराही वेळा ब्रॅमने पुढे 'नंतर' लिहिलं. ती शाळेत असल्यापासून तुझे व्हिडिओ बघते. माझ्या टेबलाशी आली, हातात तक्रारींची यादी.

"'लँटर्न व्हॅली'चा तो व्हिडिओ मी पाहिलाय," म्हणाली. "त्यातली आजारी बाई दाराकडे बघून लॅकी म्हणते. तो तू का?"

मी म्हटलं, "लॅकी काय, गल्लीत चार सापडतील."

"चीज रोल दोनच घे म्हणते. दोनच घेतलेस?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "तीन."

तिने माझ्या शेजारच्या टेबलावरचे आपले हेडफोन, कप, स्वेटर उचलले.

"मला नाही बसवत तुझ्या बाजूला," म्हणाली आणि खिडकीपाशी, जिथे वारा आत येतो आणि कुणी बसत नाही, तिथे जाऊन बसली.

मी दुपारभर तिच्या पाठीकडे बघत राहिलो. तिला माझा वास येत असल्यासारखं वाटलं मला. आणि मग मलाही यायला लागला.

माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

लॅकी


डुनेडिन, ५ जुलै

मावशी,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. एकच ओळ, 'हे तुझं आहे.' बाकी काही नाही. तेवीस तारखेच्या पत्राबद्दल म्हणतेस हे कळायला मला दोन दिवस लागले. पत्र माझं आहे, भाषा माझी आहे, आणि जे केलं तेही माझं आहे. तिन्ही अर्थ मी धरलेत.

इनव्हरकार्गिलच्या तुझ्या वकीलबाईंना, मिस पोटिकींना, मी मंगळवारी सगळं पाठवलं. फेब्रुवारीपासूनच्या सगळ्या शुक्रवारच्या याद्या, रंगांसकट. एकतीस व्हिडिओ काढलेत आम्ही. एकतीसही लाल. हिरव्यांत कितीतरी जणांनी आमची चित्रं त्याहून जास्त वापरलीत, त्यांतला एकही नाही. ब्रॅमचे शेरेही आहेत. 'हा फार बोलतो.' 'ही रडकी आहे.' 'याला दोन लागल्यात, तिसरी शोधा.' आणि तुझ्यापुढे, 'म्हातारी, घाबरेल.'

पाठवल्यावर मी ब्रॅमला जाऊन सांगितलं. लपूनछपून आधीच पुष्कळ केलं होतं.

तो बदाम खात होता. खाणं थांबवलं नाही, नुसता हळू चावायला लागला. "तुला कळतंय का काय केलंस ते? चाळीस माणसं आहेत इथे. पोरंबाळं आहेत त्यांना."

मी म्हटलं, "खेळ दुरुस्त केला असता तर ही वेळ आली नसती. सालोटेने अकरा वेळा लिहून दिलं होतं."

"सालोटेला मधे आणू नकोस." मग भिंतीवरच्या पाटीकडे हात केला. ती पाटी तुला माहीत नाही. निळ्या रंगात लिहिलंय, 'आपण सगळे एक कुटुंब'. "कुटुंबाशी गद्दारी केलीस तू, लॅकी."

"कुठल्या?" मी विचारलं.

त्याला खरंच समजलं नाही. तो म्हणाला, "कुठल्या म्हणजे?" आणि माझं ऑफिसचं कार्ड मागून घेतलं. बाहेर पडताना कुणी मान वर केली नाही. सालोटेनेही नाही. तिने करावी असं काही मी केलेलंही नव्हतं अजून.

मिस पोटिकींचा फोन परवा आला. आवाज शांत, डॉक्टरांसारखा.

"यादी चांगली आहे, मिस्टर टेट. तिच्यावर भागेल बहुतेक. पण तुमच्या जबाबाबद्दल एक विचारायचंय. तिसऱ्या तक्रारीत त्या चौकटीवर खूण करताना, ती समजूत प्रामाणिक होती का?"

मी विचारलं, "ते लिहायलाच हवं का?"

"लिहिलंत तर बाजू फार भक्कम होते. मुद्दाम, माहीत असताना खोटी तक्रार केली असं सिद्ध होतं. पण मग ते तुमच्या नावावर राहील. कंपनी तुमच्यावर उलटेल. पुढे नोकरी देताना कुणीही ते वाचेल. न लिहून चालेल, तुम्ही हुकमाचे ताबेदार होतात म्हणता येईल."

मला सुटका दिसली आणि मी तिच्याकडे बघत बसलो. मग त्या म्हणाल्या, "मिसेस ड्रमंडनी, तुमच्या मावशींनी, मला आधीच सांगून ठेवलंय. त्याला भाग पाडू नका, म्हणाल्या."

मावशी, तू तसं सांगायला नको होतंस. किंवा हवं होतंस, मला ठरवता येत नाही. 'लिहायलाच लावा' म्हणाली असतीस तर मी रागारागाने लिहिलं असतं आणि राग तुझ्या नावावर टाकला असता. आता टाकायला कुणी उरलं नाही.

मी लिहिलंय. कालच सही केली. वाक्य असं आहे: 'व्हिडिओतील आवाज माझ्या दिवंगत आईचा आहे, त्याची दुसरी प्रत अस्तित्वात नाही, आणि तक्रार खोटी आहे, हे तिन्ही मला खूण करताना ठाऊक होतं.' वकिलांच्या कारकुनाने ते टाइप करताना एकदा माझ्याकडे पाहिलं. पंचविशीतला असेल. बघणं लगेच आवरलं त्याने, सभ्य मुलगा होता. पण त्याच्या वरच्या ओठाची कड किंचित उचलली गेली होती, घाणीवर पाय पडल्यावर उचलली जाते तशी. मला ते बरोबर वाटलं.

लॅकी


मोसगिल, २८ जुलै

नोला मावशी,

पत्ता बदललाय. डुनेडिनची खोली सोडली. इथे एका रोपवाटिकेत काम मिळालं. मालकीणबाईंना मी पहिल्याच दिवशी जबाबाची प्रत दाखवली. त्यांनी वाचून परत दिली आणि म्हणाल्या, "झाडांवर तक्रारी करता येत नाहीत, तेवढं बरं आहे." कुंड्या धुवायला लावलं.

कंपनीने एकतीसच्या एकतीस तक्रारी मागे घेतल्या. कोर्टात गेलीच नाही. मिस पोटिकी म्हणाल्या, यादी न्यायाधीशांसमोर वाचली जाण्यापेक्षा त्यांनी हे पत्करलं. ब्रॅम तिथेच आहे, बढतीही मिळाली असं कानावर आलं. ऐकून नवल वाटलं नाही. सालोटेने नोकरी सोडली. माझ्यावर ते उलटलेत, त्यांच्या वकिलांची दोन पत्रं आलीत, तिसरं येईल. ते माझं मी बघतो.

तुझा चॅनेल परत आला ते मला गुरुवारी दिसलं. आईचा व्हिडिओ आहे. मी उघडला नाही. त्याच्यावर बोट ठेवायची मला अजून हिंमत होत नाही.

तुझा नवा व्हिडिओ मात्र काल अख्खा पाहिला.

मला वाटलं होतं तू जिंकल्यासारखी बोलशील. तू विणतसुद्धा नव्हतीस. टेबलावर याद्यांचा गठ्ठा, चष्मा नाकावर, आणि नुसतं वाचत होतीस. व्हिडिओचं नाव, करणाऱ्याचं नाव, गाव, काढल्याची तारीख, ब्रॅमचा शेरा, आणि प्रत्येकाच्या शेवटी, 'तक्रार करणारा, लॅकलन टेट'. तिमारूचा तो व्हीलचेअरवरचा माणूस, त्याचा चॅनेल दोन वर्षांचा होता आणि तो बंद पडल्यावर त्याने पुन्हा काही केलंच नाही, त्याच्यापुढे शेरा 'हा फार बोलतो', आणि मग माझं नाव. नेल्सनच्या दोघी बहिणी. 'ही रडकी आहे', आणि माझं नाव. तू आवाज चढवला नाहीस, उतरवलाही नाहीस. एकतीस वेळा. मी पंधराव्यापाशी उठलो, नळाखाली तोंड धरलं, परत येऊन बसलो. यादी करणारा वेगळा होता हे मला तोपर्यंत मनातल्या मनात म्हणता येत होतं. सोळाव्यानंतर येईना.

शेवटचं तुझंच होतं. 'लँटर्न व्हॅली. नोला ड्रमंड, रिव्हर्टन. २९ मे. म्हातारी, घाबरेल. तक्रार करणारा, लॅकलन टेट.' मग तू कागद सारखे करून ठेवलेस आणि चष्मा काढलास. मला वाटलं संपलं.

तेवढ्यात कॅमेऱ्यामागून मर्व्हचा आवाज आला. त्याला खरंच माहीत नव्हतं, का तुमचं हे आधीच ठरलं होतं, देव जाणे. मर्व्हला माझं आडनाव कधी लक्षात राहिलंय?

"नोला, हा लॅकलन टेट कोण गं?"

तू चष्मा पुसत होतीस. "माझ्या बहिणीचा मुलगा."

मर्व्ह म्हणाला, "मग?"

"मग काय? तक्रारी त्यानेच केल्या, आणि ही यादीही त्यानेच दिली. दोन्ही लिहून ठेव."

आणि तू हात पुढे करून कॅमेरा बंद केलास.

खाली लोकांनी माझ्याबद्दल काय काय लिहिलंय ते मी सगळं वाचलं. खोटं असं काही सापडलं नाही. तिमारूच्या माणसाने फक्त माझा पत्ता मागितलाय. मी त्याच्या खाली तो लिहून टाकला. तो काय करायचं म्हणतोय ते ठाऊक नाही. आला तर दार उघडीन.

तू भाचा म्हणाली नाहीस, बहिणीचा मुलगा म्हणालीस. मी ते तीनदा मागे नेऊन ऐकलं. बरोबर बोललीस. बहिणीचा मुलगा मी आहेच, त्याला तुझा किंवा माझा इलाज नाही. दुसरं काय ते तू ठरव. मी विचारणार नाही.

लॅकलन टेट